पेपरवरचं पहिलं नाव

१६ जून २०२५, सोमवार
आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची फेब्रुवारीत बंद पडली. वहीचा कागद बरा नव्हता.

दुपारी मीटिंग. डायरेक्टर सरांनी बढतीचे नवे निकष वाचून दाखवले. असिस्टंट प्रोफेसरचा असोसिएट प्रोफेसर व्हायचं असेल तर आता नुसती नोकरीची वर्षं धरणार नाहीत. शिकवणं, मुलांचा फीडबॅक, संस्थेची कामं आणि संशोधन, चारही ठिकाणी गुण लागणार. जागा दोन. सगळा स्टाफ गंभीर झाला. मला मनातून हसू येत होतं. या इन्स्टिट्यूटच्या पहिल्या बॅचला ज्यानं मार्केटिंग शिकवलं त्याला निकष काय लावणार. माझ्याकडे बघूनच ते काढले असणार. संशोधनाचं तेवढं मध्येच कुठून आलं कळलं नाही.

येताना गाडीत फारूखला सांगितलं, दोन जागा म्हणजे एक तू आणि एक मी. तो म्हणाला, तुझ्या तोंडात साखर पडो बद्री. फारूख पठाण आमच्याकडे एचआर शिकवतो. इन्स्टिट्यूट पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं. मी मुकुंदवाडीहून निघतो, तो क्रांती चौकात माझ्या गाडीत बसतो. पहिल्या दिवसापासून असंच. त्याला बढती कशाला हवी तर असोसिएट झाल्यावर पीएचडीची मुलं घेता येतात. सिल्लोडकडची पोरं हाताशी धरायची त्याची लई इच्छा आहे. मला बढती हवी कारण ती माझीच आहे.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. पेपरचं रोज एक पान लिहिणे. चहा कमी.

१७ जून
पावणेआठला उठलो. पहिला दिवस धरत नाहीत.

२१ जून
पेपरचा विषय ठरला. ‘ग्रामीण ग्राहक: एक चिंतन’. शीर्षक इतकं जमलंय की आज पुढं लिहून ते बिघडवायला नको.

२६ जून
मागच्या सेमिस्टरचा फीडबॅक मिळाला. एकानं लिहिलंय, सर स्वभावानं खूप चांगले आहेत, सरांनी वर्गात यावे. म्हणजे मुलांना मी हवा आहे. तनुजाला मुद्दाम वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग जात जा. बायको शाळेत गणित शिकवते, तिला असल्या गोष्टींतली माया कळत नाही.

२ जुलै
ऑनलाइन रिफ्रेशर कोर्स सुरू केला. यालाही गुण आहेत. कॅमेरा बंद ठेवता येतो. पहिल्या लेक्चरमध्ये मेथीची जुडी निवडून झाली. दुसऱ्यात गवार.
दुसऱ्याच्या शेवटी सर्वांना मत विचारलं. माझं नाव तीनदा पुकारलं म्हणे. नेटवर्क.

६ जुलै, रविवार
फारूखचा पेपर एका चांगल्या जर्नलनं घेतला. थोड्या दुरुस्त्या करून परत पाठवायचा, मग छापणार. फोनवर त्यानं तेच दोनदा सांगितलं. मलाही भरून आलं. त्या पेपरसाठी तो किती रविवार सिल्लोडला गेला त्याला हिशोब नाही. तिथल्या मक्याच्या बाजारात काही आडत्यांकडं अजून तोंडी सौदा होतो. भाव ठरला की आडत्या शेतकऱ्याला पाण्याचा ग्लास देतो, पाणी घेतलं की सौदा पक्का, मग कुणी फिरत नाही. त्यावर पेपर. मी एकदा बरोबर गेलो होतो. त्याच्या गावच्या घरी शहजादी भाभींनी खिचडा केला होता. दोनदा घेतला आणि वरच्या खोलीत आडवा झालो, तोवर फारूख बाजारातलं काम करून आला.
थोडक्यात, फील्डवर्कला मीही होतो.

९ जुलै
निकष नीट वाचले. माझ्या संशोधनाच्या रकान्यात काही बसत नाही. ‘ग्रामीण ग्राहक’ अजून शीर्षकावर आहे. मागं मी पैसे भरून दोन पेपर छापले होते, ती जर्नलं मान्य यादीतून काढून टाकलीत. व्यवस्थेलाच माणूस नकोसा झालाय.
एक वाट दिसते. उद्या गाडीत बोलतो.

१० जुलै
बोललो. सरळच. म्हटलं, फारूख, त्या पेपरवर माझं नाव टाक. तो लगेच म्हणाला, टाकू ना, त्यात काय. मग म्हटलं, पहिलं टाक. आमच्याकडे नियम असा की पेपरवर दोन नावं असली तर पहिल्याला सत्तर टक्के गुण, दुसऱ्याला तीस. मी त्याला समजावलं, तुझा दुसरा पेपर तयारच आहे, तो गेला की तुझं भागतं. माझं या एकाशिवाय भागत नाही.
स्टेशन मागं पडलं, रेल्वेचा पूल मागं पडला. मग तो म्हणाला, ठीक आहे बद्री, तू मोठा आहेस वयानं. मी लगेच सांगितलं की दुसऱ्या पेपरचे संदर्भ आणि इंग्रजी मी बघून देतो, महिनाअखेर तो पाठवून टाकू. माझं इंग्रजी चांगलं आहे हे तो पहिल्यापासून मानतो.
दोस्त असावा तर असा. आणि त्यालाही बरं वाटलं असणार. एखाद्याच्या कामी आलं की माणसाला बरंच वाटतं.

१४ जुलै
फारूखनं दुसऱ्या पेपरची फाइल मेल केली. रविवारी बसतो.

२० जुलै, रविवार
बसलो होतो. पण क्रिकेटची मॅच लागली आणि तिचा निकाल लागेना.

२५ जुलै
पाठीत उसण. कॉम्प्युटरसमोर बसायला डॉक्टरांनी मनाई केलीय. म्हणजे डॉक्टरांना विचारलं नाही, पण ते हेच म्हणाले असते.

३१ जुलै
फारूखनं विचारलं, झालं का. म्हटलं, होत आलं. हे खोटं नाही. फाइल उघडली होती, अक्षर मोठं करून घेतलं, बऱ्यापैकी दिसतंय आता. तो म्हणाला, आज शेवटची तारीख आहे रे. म्हटलं, संपादक लोक आठ-दहा दिवस सोडतात.

११ ऑगस्ट
पाठवला. शेवटी फारूखनंच संदर्भ लावले, मी दोन स्वल्पविराम बदलले. संपादकाचं उत्तर आलं की आता जानेवारीच्या अंकासाठी विचार करू. फारूख फोनकडं बघत राहिला. मी म्हटलं, जानेवारी काय लांब आहे. तो म्हणाला, अर्ज सप्टेंबरात आहे बद्री.
मी रेडिओ लावला.

२९ ऑगस्ट
मोठी आनंदाची बातमी. अदीबाचं ठरलं. फारूखची थोरली. मुलगा जालन्याचा, इंजिनियर. निकाह डिसेंबरात, सिल्लोडला. या पोरीला बारावीच्या परीक्षेला मी गाडीनं सोडलंय, कारण त्या दिवसांत फारूख टायफॉईडनं पडून होता. मला बद्री चाचू म्हणते. तनुजाला म्हटलं, आपल्याच घरचं कार्य समज. तिनं विचारलं, त्यांचं बढतीचं काय झालं मग. कुठला विषय कुठं.

१२ सप्टेंबर
पेपर छापून आला. औताडे आणि पठाण. माझं नाव पहिलं. स्टाफरूमला सामोसे सांगितले. मोनिका मॅडमनं विचारलं, सर, हा आडत्यांचा विषय तर पठाण सरांचा ना. ही मुलगी आत्ता-आत्ता लागली, वर्गात जाते, घरी गेल्यावरही वाचते, तिला माणसं कळायला वेळ लागेल. मी सांगितलं, आम्ही दोघांत तुझं-माझं करत नाही. फारूखनं सामोसा घेतला. खाल्ला नाही, ॲसिडिटी असेल.

३० सप्टेंबर
अर्ज भरला. माझी बेरीज बसते. फारूखची थोडक्यासाठी अडते, पण मुलाखतीत समितीला पाच-सात गुण हातचे देता येतात. तो बोलतोही चांगला. मी निश्चिंत आहे.
असोसिएट लोक जरा हळू चालतात असं निरीक्षण आहे. आज व्हरांड्यातून तसं चाललो. शिपाई म्हणाला, सर पाय दुखतोय का.

१५ ऑक्टोबर
मुलाखत. फारच छान झाली.
बाहेरून एक तज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. त्यांनी पेपर वाचलेला होता, हे मला अनपेक्षित होतं. विचारलं, औताडे सर, भाव ठरल्यावर शेतकऱ्यानं पाणी घेतलंच नाही तर काय होतं. मी म्हणालो, तर त्याला तहान नसेल. संस्थेचे एक सदस्य मोठ्यानं हसले. मॅडम हसल्या नाहीत. परत विचारलं, तुम्ही किती आडत्यांशी बोललात, त्यातला एखादा आठवतो का. म्हटलं, माणसं लई प्रेमळ आहेत सिल्लोडची. मग खिचड्याचं सांगितलं, कारण संशोधनात आतिथ्यालाही जागा असते. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. चांगलंच लिहिलं असणार.
माझ्यानंतर फारूख आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर थेट नळावर जाऊन तोंड धुतलं. गाडीत विचारलं, काय काय विचारलं तुला. म्हणाला, काही नाही, पेपरचंच. मी विचारलं, पाणी नाही घेतलं तर काय होतं रे. त्यानं खिडकीबाहेर बघत सांगितलं, शेतकरी माल घेऊन दुसऱ्या आडतीत जातो, पहिल्यानं त्याला कारण विचारायचं नसतं, आणि पुढं कधी बोलूनही दाखवायचं नसतं. मी म्हटलं, हे तू मला आधी सांगायला पाहिजे होतंस.
आता आठवतं, सांगितलं होतं. याच गाडीत, पुष्कळदा. मी सिग्नल बघत असेन.

६ नोव्हेंबर
निकाल. एक जागा मोनिका मॅडमला. दुसरी रिकामी ठेवली.
रिकामी ठेवली, पण मला दिली नाही.
फारूखलाही नाही. आम्ही दोघं बरोबर राहिलो एवढंच त्यात बरं. गाडीत त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, बद्री, मला आज इथंच सोड, बाजारात काम आहे. महानुभाव आश्रमाच्या चौकात उतरला. तिथं कुठला बाजार.

७ नोव्हेंबर
डायरेक्टर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं सांत्वन करतील. दार लावून घ्यायला सांगितलं. मग कळलं. माझ्या मुलाखतीनंतर मॅडमनी फारूखला सरळ विचारलं होतं, हे काम कुणाचं. एकट्याचं असेल तर तसं सांगा, सगळे गुण तुम्हाला मिळतील, आजच बढती होईल, आणि औताडेंवर संस्था कारवाई करेल. दोघांचं असेल तर तीस टक्केच. फारूख म्हणाला, दोघांचं आहे. मॅडमनी परत विचारलं. परत तेच म्हणाला.
सर म्हणाले, पठाण सरांनी तुमची नोकरी वाचवली एवढं ध्यानात ठेवा. मी म्हटलं, नोकरी कशी जाईल सर, एवढी वर्षं झाली. शेवटी सर म्हणाले, अपिलाला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. पेपर कुणाचा हे पहिल्या लेखकानं स्वतः येऊन सांगितलं तर समिती पठाण सरांचा फेरविचार करू शकते. तुमच्याबाबत मग काय ते मी बघेन, नोकरीवर गदा येऊ देणार नाही.
जेवण गेलं नाही. तनुजाला डोकं दुखतंय म्हणालो.

८ नोव्हेंबर
सोमवारी डायरेक्टर सरांकडं जाऊन सगळं सांगणार. ठरलं. एकदम मोकळं वाटतंय. फारूखचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांसमोर येतंय. गुलमंडीवरून मिठाई घेऊन सरळ त्याच्या घरी.

१० नोव्हेंबर
सर मुंबईला गेलेत.
फारूख क्रांती चौकात नव्हता. फोन केला तर म्हणाला, अदीबाच्या खरेदीची धावपळ आहे, वेळा जुळायच्या नाहीत, मी काही दिवस बसनं येतो. बरोबर आहे. लग्नघर आहे.

१४ नोव्हेंबर
सर आलेत पण त्यांच्याकडं पाहुणे होते. असल्या गोष्टी पाहुण्यांसमोर सांगायच्या नसतात.
बसस्टॉपवर फारूख दिसला. हॉर्न दिला. तो फोनमध्ये बघत होता. परत दिला. स्टॉपवरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं, त्यानं नाही. गर्दीचा आवाज असतो तिथं.

१९ नोव्हेंबर
केबिनच्या दारापर्यंत गेलो. आत मोनिका मॅडम बसलेल्या. तिच्यासमोर मी हे सांगायचं म्हणजे उद्यापासून वर्गात कुठल्या तोंडानं उभा राहू. परत आलो. मनात वाक्यं तयार आहेत, फक्त पहिलं वाक्य कसं काढावं जमत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
तनुजाला सांगितलं. सगळं नाही, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. ती पोळ्या लाटत होती, थांबली. म्हणाली, तुम्ही त्यांच्याच कामावरचं पहिलं नाव घेतलंत व्हय. मी म्हटलं, घेतलं नाही, त्यानं दिलं. ती म्हणाली, मागितलं की देतात ती माणसं, म्हणून मागायचं नसतं. मग म्हणाली, उद्या जा. उद्याच जा.
उद्याच जाणार.

२४ नोव्हेंबर
ताप आल्यासारखं वाटलं. थर्मामीटरमध्ये आला नाही, पण आतून होता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आज गेलो. खरंच गेलो. सर एकटे होते. म्हणाले, बोला औताडे. मी म्हणालो, सर, सेकंड सेमिस्टरचं टाइमटेबल कधी लागणार.

१ डिसेंबर, सोमवार
सकाळी लवकर गेलो. क्लार्क म्हणाला, मुदत काल तीस तारखेला संपली सर. मी म्हटलं, काल रविवार होता, तो धरायला नको. तो म्हणाला, धरतात.
गाडीत येऊन बसलो. किल्ली लावली आणि काढली. मी चांगला माणूस आहे असं मला आजवर नेहमीच वाटत आलं, त्याबद्दल कधी वेगळा विचार करायची वेळ आली नाही. फारूख शेजारी असायचा, तो मला तसंच समजायचा, मग मलाही ते पटायचं. आज शेजारची सीट बघवली नाही.
दुसरा पेपर जानेवारीत येईलच. तेव्हा पुढच्या वर्षी त्याचं नक्की होईल. पुढच्या वर्षी मी सगळं नीट करणार.

९ डिसेंबर
स्टाफरूमच्या बोर्डावर निकाहचं कार्ड लागलंय. ‘सर्व सहकाऱ्यांना आग्रहाचं निमंत्रण.’ अठ्ठावीस तारीख, रविवार, सिल्लोड. मला वेगळं कार्ड अजून नाही. घरच्यांना कुठं कार्ड देतात.

१८ डिसेंबर
घरच्यांना फोन तर करतात. करेल. कामात असेल. भाभींचाही नाही.
व्हरांड्यात समोर आला. मी म्हटलं, फारूख, काही मदत लागली तर सांग. तो म्हणाला, जी, शुक्रिया, सगळं झालंय. हसलाही. पालक भेटायला आले की हसतो तसं.

२५ डिसेंबर
अदीबासाठी पैठणी घेतली. तनुजानं रंग निवडला. दुकानात तिनं विचारलं, बोलावलंय ना आपल्याला. मी म्हटलं, आपण मुलीकडचे आहोत, आपल्याला कोण बोलावणार. पिशवी तिनंच धरली.

२८ डिसेंबर, रविवार. घरी आल्यावर
गेलो होतो. मंगल कार्यालयाच्या दारात फारूख शेरवानीत उभा. झीशान, त्याचा धाकटा भाऊ, शेजारी. मनात होतं की बघितल्याबरोबर मिठी मारेल, मग मीही रडेन, आणि तिथंच सगळं मिटून जाईल. रस्ताभर ठरवत होतो की काय म्हणायचं. फुलंब्रीपासून तर पाठच करत होतो.
त्यानं दोन्ही हातांनी हात घेतला. म्हणाला, आइए सर, बहुत खुशी हुई, मॅडम आप भी आईं. सर. मग झीशानला सांगितलं, कॉलेजच्या लोकांची टेबलं त्या बाजूला आहेत, सरांना बसव.
बसलो. मोनिका मॅडम होती, ऑफिसचे दोघं होते. जेवण उत्तम. माझं ताट तसंच राहिलं. तनुजा आत बायकांत जाऊन पैठणी देऊन आली. म्हणाली, अदीबा गळ्यात पडली, लई रडली, चाचू आलेत का विचारत होती. मी विचारलं, भाभी बोलल्या का. तनुजा म्हणाली, पाणी हवंय का तुम्हाला.
निघताना फारूख नवऱ्या मुलाच्या वडिलांबरोबर उभा होता. मी गेलो. म्हटलं, येतो. पाठ केलेलं सगळं होतं ओठावर. पेपर तुझा होता, मी उद्या सगळ्यांसमोर सांगतो, मुदत गेली तरी सांगतो. नव्या व्याह्यांनी विचारलं, हे कोण. फारूखनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी धरून ठेवला असता. तो म्हणाला, हे आमच्या कॉलेजमधले एक सर.
मी नमस्कार केला. म्हणालो, हो, मी मार्केटिंग शिकवतो.